शनिवारी दुपारी तीनला रेडिओ कुठं ठेवायचा

लेस्टरमध्ये नव्यानं येणाऱ्या मराठी माणसाला मी तीन गोष्टी सांगते. शहराचं नाव लेस्टर, लायसेस्टर नव्हे. कोपऱ्यावरच्या दुकानातली आजी ‘मी डक’ म्हणाली तर तिला बदक दिसलेलं नसतं, ती तुम्हाला लाडानं हाक मारतेय. आणि शनिवारी दुपारी तीनचा फुटबॉल टीव्हीवर शोधत बसू नका, तिथं तो नसतो.

ही तिसरी गोष्ट कळायला माझा पहिला अख्खा हिवाळा गेला. इंग्लंडात शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे सामने टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. ही प्रथा 1960 च्या दशकापासूनची. मोठ्या क्लबचा सामना घरबसल्या दिसला तर खालच्या डिव्हिजनच्या मैदानावर पावसात भिजायला कोण जाईल, ही त्यामागची भीती. मग उरतं काय? तिकीट, नाहीतर रेडिओ. मला दर आठवड्याला तिकीट परवडत नव्हतं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडं बाबा पाटाकडील तालमीचे आणि काका दिलबहारचे, त्यामुळं शाहू स्टेडियमवर फुटबॉलला दोन्ही तालमींची गाठ पडली की घरात दोन दिवस दोन चुली. रेडिओही बाबांमुळंच. बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकताना घरात भांडं वाजलेलं चालत नसे. तेव्हा लेस्टरला आल्यावर मी जे केलं ते फार वेगळं नव्हतं. चॅरिटी शॉपमधून चार पौंडांचा डिजिटल रेडिओ आणला, स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला आणि तीन वाजायची वाट बघत बसले.

तीन वाजले आणि रेडिओतून पिठलं शिजल्याचा आवाज आला.

खरंच तसाच. रटरट, टपटप, मधेच एक अर्धा शब्द, परत रटरट. एफएमचा सिग्नल कमी झाला की खरखर हळूहळू वाढते आणि माणूस त्यातूनही ऐकत राहतो. डॅबचं तसं नसतं. डॅब, म्हणजे डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग, आवाजाचे आकडे करून पाठवतं. थोडे आकडे हरवले तर रेडिओ ते भरून काढतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. जास्त हरवले की आधी पिठलं आणि मग एकदम शांतता. मधली पायरी फार अरुंद. म्हणूनच डॅबवर एका वितीचा फरक पुरतो: रेडिओ इथून तिथं सरकवला की पिठलं गायब. आमच्या घरात या बिघाडाचं नावच ‘पिठलं’ पडलंय. मुलगा वरून ओरडतो, “आई, पिठलं लागलंय!” आणि पाहुणे स्वयंपाकघराकडं बघतात.

तर आता जागा.

फ्रिजवर रेडिओ ठेवणं ही मी केलेली पहिली चूक. फ्रिज, मायक्रोवेव्ह, ओव्हन, रेडिएटर हे सगळे धातूचे डोंगर. लाटा अडवतात, नाहीतर उलट फेकतात. शिवाय नव्या घरांच्या भिंतींत उब टिकवायला चंदेरी पत्रा लावलेल्या शीट्स असतात आणि खिडकीच्या काचांवरही धातूचा अदृश्य थर असतो. उन्हाळ्यात, हिवाळ्यात घराला बरं, रेडिओला नाही. आमचं घर जुनं, विटांचं, नार्बरो रोडच्या बाजूच्या गल्लीतलं, ओळीनं चिकटलेल्या घरांपैकी एक. तिथं सर्वांत चांगली जागा निघाली वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीतली खिडकीची कड. उंची मिळते आणि मधे एकच काच. शहराच्या वायव्येला कॉप्ट ओकचा मनोरा आहे. त्या दिशेची खिडकी मिळाली तर उत्तम. पण दिशेचा फार बाऊ करू नका, कारण डॅबमध्ये अनेक मनोरे एकाच फ्रीक्वेन्सीवर तेच प्रसारण एकाच वेळी पाठवतात आणि रेडिओ त्या सगळ्यांची बेरीज करून घेतो. समोरच्या घरावर आदळून आलेली लाटही कामाला येते.

जागा ठरली की एरियल. लोक काय करतात, दांडी पूर्ण ओढतात आणि कुठंतरी तिरकी सोडून देतात. ब्रिटनमध्ये डॅबच्या लाटा उभ्या पाठवतात, म्हणून दांडीही उभीच हवी, छताकडं तोंड करून सरळ. लांबीचं गणित सोपं आहे. बीबीसीच्या राष्ट्रीय केंद्रांचा गट 12बी नावाच्या ब्लॉकवर, म्हणजे डॅबच्या ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आहे: 225.648 मेगाहर्ट्झ. तिथं लाटेची लांबी सुमारे 1 मीटर 33 सेंटिमीटर, आणि दांडीला त्याचा चौथा हिस्सा पुरतो: 33 सेंटिमीटर. मुलाच्या शाळेच्या पट्टीपेक्षा दोन बोटं जास्त. एफएमवर गेलात की दांडी पूर्ण ओढा, कारण तिथं लाट डॅबच्या दुपटीहून लांब असते.

आता स्कॅन, म्हणजे रेडिओनं स्वतः केंद्रं शोधून यादी करणं, आणि इथं क्रम महत्त्वाचा. आधी जागा, मग एरियल, मगच स्कॅन. मी उलटं केलं होतं. फ्रिजवर असताना स्कॅन केला तेव्हा जे सापडलं नाही ते यादीत आलंच नाही, आणि रेडिओ वर नेल्यावरही ते केंद्र दिसेना. जागा बदलली की पुन्हा पूर्ण स्कॅन करायचा. मेन्यूत ‘प्रून’ नावाचा पर्याय असतो, तो यादीतली मेलेली नावं काढून टाकतो. तण उपटल्यासारखं वाटतं, मला आवडतं.

आणखी एक गोम. “रेडिओ फोर झकास लागतंय, मग लोकल केंद्रच का नाही?” हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. कारण ती दोन्ही एका गाडीतून येत नाहीत. डॅबवर अनेक केंद्रं एकत्र बांधून एका ब्लॉकवर पाठवतात. बीबीसीच्या राष्ट्रीय केंद्रांची गाडी 12बी, व्यापारी राष्ट्रीय केंद्रांची मुख्य गाडी 11डी, आणि जिल्ह्याची गाडी आणखी वेगळी. राष्ट्रीय गाडी जोरात आली म्हणून जिल्ह्याची येईलच असं नाही. आपल्या जिल्ह्याचा ब्लॉक कुठला ते पोस्टकोड टाकून इंटरनेटवर बघून घ्या. मग रेडिओच्या मेन्यूत ‘मॅन्युअल ट्यून’ असेल तिथं तो ब्लॉक लावा. बऱ्याच रेडिओंवर तिथं सिग्नलची पट्टी दिसते आणि त्या पट्टीवर एक खूण असते. खुणेच्या पुढं गेलात की आवाज लागतो. आता रेडिओ हातात धरून खिडकीच्या कडेवर इंचाइंचानं सरका आणि पट्टी बघा. डोळे मिटून ऐकत शोधू नका, डॅब दोन-चार सेकंद उशिरा उत्तर देतं आणि तोवर तुम्ही पुढं गेलेला असता.

हे सगळं शुक्रवारी करा. शनिवारी सामन्याआधी लेस्टर सिटीच्या मैदानावर ‘पोस्ट हॉर्न गॅलप’ या धूनची शिंगं वाजतात, संघ त्यावर बाहेर येतो. ती शिंगं रेडिओतून ऐकू आली की माझ्या घरात एरियलला हात लावायला बंदी.

एका ऑक्टोबरात सगळं नीट असूनही पिठलं परत आलं. दोन शनिवार मी मनोऱ्याला, पावसाला, नशिबाला शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, खिडकीत दिवाळीची माळ लावली होती. स्वस्तातली एलईडी माळ, आणि तिचा प्लगमधला चौकोनी डबा रेडिओपासून हातभर अंतरावर. असले डबे, फोनचे स्वस्त चार्जर, काही एलईडी दिवे हे स्वतःच बारीक लाटा फेकत असतात. माळ बंद केली, आवाज स्वच्छ. तपासायची पद्धत अशी: रेडिओ बॅटरीवर चालवा, मग घरातल्या एकेक गोष्टीचा प्लग काढत जा. दिवाळीत मी माळ मागच्या खोलीत लावते. लक्ष्मी येईल तिकडून.

तरीही जमलं नाही तर बाहेरून एरियल जोडता येतो का बघा. छोट्या रेडिओंवर ही सोय क्वचित, हायफायवर बहुतेक असते. हायफायबरोबर टी आकाराची पातळ वायर मिळते, लोक ती एफएमसारखी भिंतीवर आडवी चिकटवतात. डॅबसाठी तिचे दोन हात वर-खाली, उभे हवेत. माळ्यावर डॅबचा एरियल बसवला तर फारच छान, पण भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला विचारा. मी न विचारता माळ्यावर चढले होते, पुढचं सांगत नाही.

रेडिओ विकत घ्यायचाच असेल तर खोक्यावर ‘डॅब प्लस’ लिहिलंय ना एवढं बघा. जुन्या, नुसत्या डॅबच्या रेडिओवर नव्या पद्धतीनं येणारी केंद्रं लागत नाहीत; माझ्या चार पौंडी रेडिओला ती कळतच नाहीत. एफएम हवंच. ओढता येणारी दांडी हवी, नुसती लोंबती वायर नको. फिरताना वापरायचा खिशातला रेडिओ घेतलात तर हेडफोनची वायर हाच त्याचा एरियल असतो हे लक्षात ठेवा. वायर गुंडाळून खिशात ठेवली की रेडिओ आंधळा. आणि सेल भरपूर खातो बरं का डॅब, एफएमपेक्षा पुष्कळ जास्त. चार्ज होणारे सेल घ्या.

आता ऐकायचं काय आणि कुठं. बीबीसी रेडिओ लेस्टर हे बीबीसीचं देशातलं पहिलं स्थानिक केंद्र, 8 नोव्हेंबर 1967 ला सुरू झालेलं. इथल्या आपल्या लोकांसाठी आणखी एक धागा: 1976 मध्ये याच केंद्रानं आशियाई श्रोत्यांसाठी रोजचा कार्यक्रम सुरू केला, आणि पुढं जे बीबीसीचं एशियन नेटवर्क हे केंद्र झालं त्याचं मूळ तिथं आहे. केंद्र 104.9 एफएमवर, डॅबवर आणि फ्रीव्ह्यूवर, म्हणजे इथल्या फुकटच्या टीव्ही सेवेवरही मिळतं. हो, टीव्हीवर! एरियलच काम देईना झाला तर टीव्हीच्या रेडिओ चॅनेलांत जाऊन केंद्र लावा आणि निवांत भाकरी थापा.

शनिवारी मात्र वाटणी होऊ शकते. लेस्टर सिटीचं फुटबॉल आणि लेस्टर टायगर्सचं रग्बी एकाच वेळी आलं, तर एक एफएमवर आणि दुसरं डॅबवर, असं. ज्या केंद्राच्या हद्दीत तीन-चार क्लब आहेत, उदाहरणार्थ शेफील्ड किंवा नॉटिंगहॅम, तिथं तर हे हमखास. त्यामुळं एफएमवर भलताच सामना लागला म्हणून रेडिओ आपटू नका, डॅबच्या यादीत त्याच केंद्राच्या नावाचा दुसरा फाटा उगवलाय का बघा. तो फक्त सामन्यापुरता असतो, म्हणून सामन्याच्या थोडं आधी पुन्हा स्कॅन करायचा. फोनवर ऐकणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की प्रसारणाचे हक्क हवेतले वेगळे आणि इंटरनेटवरचे वेगळे विकले जातात, आणि ते मोसमागणिक बदलतात. एके शनिवारी माझ्या फोनवर सामन्याच्या जागी जुनी गाणी लागली होती. खिडकीतल्या रेडिओवर सामना चालूच होता.

राष्ट्रीय केंद्रांवर, फाइव्ह लाइव्ह किंवा टॉकस्पोर्टवर, वर्णन दोन्ही संघांना समान मापानं मोजून होतं. मला ते पचत नाही. स्थानिक समालोचक पेठेतल्या माणसासारखा: गोल खाल्ला की त्याचा आवाज पडतो, पंचाचा निर्णय त्याला पटत नाही, आणि 88 व्या मिनिटाला त्याचा श्वास तुमच्याइतकाच चढलेला असतो.

पण रेडिओवर फुटबॉल ऐकणं क्रिकेटइतकं सोपं नाही, हे मान्य केलं पाहिजे. क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे विचार करायला वेळ असतो. फुटबॉलमध्ये चेंडू कुठं आहे हेच कळेनासं होतं. ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. 22 जानेवारी 1927 ला हायबरीच्या मैदानावरून आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचं वर्णन बीबीसीनं प्रसारित केलं, ते तिथलं रेडिओवरचं पहिलं फुटबॉल वर्णन. तेव्हा बीबीसीच्या ‘रेडिओ टाइम्स’ साप्ताहिकात मैदानाचा नकाशा चौकोन पाडून छापला होता, आणि चेंडू कितव्या चौकोनात आहे ते रेडिओवरून सांगत होते. सामना एक-एक असा सुटला.

मी मुलासाठी तसाच कागद केला. जुन्या कॅलेंडरच्या मागं आठ चौकोन, दोन्ही टोकांना गोल, आणि चेंडू म्हणून शेंगदाणा. समालोचक सुरुवातीला सांगतो, लेस्टर डावीकडून उजवीकडं खेळतंय. तो ऐकला की शेंगदाण्याला दिशा मिळते. ‘राइट चॅनेल’ म्हटलं की उजवी कड, ‘सिक्स-यार्ड बॉक्स’ म्हटलं की गोलच्या अगदी तोंडाशी. दोन-तीन सामन्यांत कागदाची गरज संपते, मैदान डोक्यातच उभं राहतं. शेंगदाणा मध्यंतरात खाल्ला जातो, दुसऱ्या डावाला नवा लागतो.

राहिलं उशिराचं प्रकरण, आणि यावरून आमच्याकडं खरी भांडणं झालीत. एफएम जवळजवळ लगेच पोचतं. डॅबला आकडे बांधायला आणि सोडायला वेळ लागतो, ते दोन-चार सेकंद मागं. फोनवरचं त्याहून बरंच मागं. नवरा खाली एफएम लावून बसायचा, मी वर डॅब. त्याचा “गोऽऽल” जिन्यातून वर यायचा तेव्हा माझ्या रेडिओत अजून कॉर्नर घ्यायची तयारी चाललेली असायची. उपाय दोन: सगळ्या घरात एकच पद्धत, किंवा दारं बंद. आम्ही दारं बंद करतो.

आमचं घर लेस्टर सिटीच्या मैदानापासून, किंग पॉवर स्टेडियमपासून, साधारण किलोमीटरभर. वारा इकडचा असेल तर मैदानावरची आरोळी थेट ऐकू येते. आवाजाला किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात, म्हणजे आधी खालचं एफएम, मग हवेतून आरोळी, तिच्या आगेमागे डॅब आणि सगळ्यांत शेवटी फोन. एकच गोल चार वेळा होतो. मैदानात जाऊन रेडिओ कानाला लावायचा असेल तर मात्र एफएमच. डॅब लावलंत तर डोळ्यांसमोर गोल झालेला आणि कानात चेंडू अजून मधल्या रेषेवर.

2 मे 2016 ची रात्र सांगते. लेस्टरचा सामना नव्हताच. चेल्सी आणि टॉटनहॅम खेळत होते, टॉटनहॅम जिंकलं नाही तर लेस्टर प्रीमियर लीगचे विजेते, ज्यांच्यावर मोसमाच्या सुरुवातीला सट्टेवाल्यांकडं एकाला पाच हजारांचा भाव होता. आमच्याकडं टीव्हीचं पैसेवालं चॅनेल नव्हतं. मी बाबांच्या वळणाचा जुना ट्रान्झिस्टर काढला आणि मीडियम वेव्हवर सामना लावला. खरखर होती, पण उशीर नव्हता. 83 व्या मिनिटाला चेल्सीच्या हॅझार्डनं बरोबरी केली आणि मी किंचाळले. शेजारच्या भिंतीवर थाप पडली, ते टीव्हीवर बघत होते आणि त्यांच्याकडं अजून काही झालंच नव्हतं. काही सेकंदांनी तीच भिंत पलीकडून हादरली. सामना दोन-दोन सुटला, आणि मग नार्बरो रोडवर पहाटेपर्यंत हॉर्न.

गाडीतलं थोडक्यात. एम1 महामार्गावरून उत्तरेला नॉटिंगहॅम, डर्बीकडं सरकलात की लेस्टरच्या जिल्हा-गाडीची हद्द संपते आणि पिठलं सुरू होतं. गाडीच्या रेडिओत डॅबवरून आपोआप एफएमवर जायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. त्यानं थोडे मैल मिळतात.

आणि शेवटचं, सुट्टीला घरी जाताना भेट म्हणून डॅब रेडिओ नेऊ नका. मी नेला. आपल्याकडं आकाशवाणीनं डिजिटलसाठी डीआरएम ही निराळी पद्धत घेतली आहे, मीडियम वेव्हवरची. इथल्या डॅब रेडिओला ती कळत नाही. बाबांनी कौतुकानं रेडिओ माडीवरच्या खिडकीत ठेवला, दांडी पट्टी लावून तेहतीस सेंटिमीटर ओढली आणि स्कॅनचं बटण दाबलं. शून्य केंद्रं. आता ते त्यावर एफएम ऐकतात. त्यातलं घड्याळ डॅबच्या सिग्नलवरून वेळ घेतं, त्यामुळं कोल्हापुरात ते कायम 00:00 दाखवतं. बाबांनी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आहे आणि पट्टीवर लिहिलंय: लेस्टर, शनिवार, आपले साडेसात, थंडीत साडेआठ.